फेडचं आवर्तन आणि माझा होमलोनचा हप्ता

ग्लोबल मार्केट शिकायचंय, कुठून सुरुवात करू, कुठला कोर्स लावू असं ऑफिसातली नवीन पोरं नेहमी विचारतात, आणि दर वेळी तोंडी तेच सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी साधा बीकॉम, २०१२ ला पुण्यात एका परदेशी ब्रोकरेजच्या बॅक ऑफिसला लागलो, काम काय तर चार्ट अपडेट करायचे आणि तिकडच्या साहेबांच्या पीपीटीतले आकडे जुळतात का ते बघायचं. अर्थशास्त्र बारावीपुरतं.

पहिली खरी शिकवणी २०१३ ला झाली. २२ मे ला फेडचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, तेव्हाचे प्रमुख बर्नान्के अमेरिकेच्या काँग्रेससमोर म्हणाले की बाजारात पैसा ओतायला फेड करत असलेली बाँड खरेदी पुढच्या काही मीटिंगांत कमी करायला सुरुवात होऊ शकते. ते वाक्य मी स्वतः नोटमध्ये टाइप केलं होतं आणि डबा खायला गेलो होतो, काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तेव्हा डॉलर ५५-५६ रुपयांना होता, ऑगस्टच्या शेवटी ६८ च्या पुढे गेला. माझा आत्तेभाऊ नेमका त्याच ऑगस्टमध्ये एमएसला निघाला होता, पहिल्या वर्षाचे २० हजार डॉलर भरायचे होते, आत्याने मे महिन्यात सव्वाअकरा लाखांची सोय करून ठेवलेली आणि भरायच्या वेळी झाले साडेतेरा. आत्या म्हणाली, "अरे तू दिवसभर त्याच्यातच असतोस ना, मग आधी सांगायचं नाही का?" काय सांगणार, कप्पाळ!

मग नंतर बसून शोधलं की झालं काय. अमेरिकेत व्याज जवळपास शून्य होतं म्हणून तिथला पैसा भारत, ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका असा फिरत होता, आणि आपली चालू खात्यावरची तूट २०१२-१३ ला जीडीपीच्या ४.८ टक्के, म्हणजे आपला खर्चच बाहेरून येणाऱ्या डॉलरवर चालू होता. नळ बंद होणार अशी नुसती चर्चा झाली आणि रुपया घसरला. जुलैत आरबीआयने रुपया सावरायला बँकांसाठी तातडीच्या पैशाचा दर एकदम १०.२५ टक्के केला तर दुसऱ्या दिवशी लिक्विड फंडाची एनएव्ही (युनिटची किंमत) सुद्धा खाली, जो फंड लोक एफडीसारखा समजून बसले होते.

मी मूळचा श्रीरामपूरकडचा. आमच्याकडे धरणातून कालव्याला पाणी सोडतात त्याला आवर्तन म्हणतात. धरणावरचा माणूस दार उघडतो ते सगळ्यांना पेपरात वाचायला मिळतं, पण तुमच्या वावरात पाणी कधी येणार हे चारीवर, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्यावर, ठरतं, वरच्यांनी मोटारी लावल्या तर शेवटच्या टोकाच्या टेलवाल्याला चिखलसुद्धा मिळत नाही. इकॉनॉमिक सायकलचं मला तरी तसंच दिसतं. फेड हे धरण, ते सगळे बघतात. चारी कुणी बघत नाही.

हे इतकं कळूनसुद्धा २०२२ ला मी माती खाल्ली, ते सविस्तर सांगतो कारण नवीन माणूस हमखास इथेच पडतो. मार्च २०२२ पासून फेडने दर वाढवायला घेतले, जूनमध्ये तिकडची महागाई ९.१ टक्के, जुलैत यील्ड कर्व्ह उलटा झाला, म्हणजे दोन वर्षांच्या बाँडवर दहा वर्षांच्या बाँडपेक्षा जास्त व्याज. पुस्तकात शिकवतात की असं झालं की मंदी येते, आणि आधीच्या अनेक मंद्यांआधी तसं झालंही होतं. त्यात इकडे आरबीआयने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे बँकांना उसने पैसे द्यायचा दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला, माझा होमलोनचा २८ हजारांचा हप्ता जवळपास ३३ हजारांवर गेला, दर दोन महिन्यांनी बँकेचा मेसेज, बायकोने बाहेर जेवणं बंद केलं. मला वाटलं आपलं हे असं तर अमेरिकन माणूस तर पारच झोपला असणार. ऑगस्टमध्ये निम्मे इक्विटी फंड विकले आणि एफडी केली. निफ्टी साडेसतरा हजारांच्या आसपास होता. मार्च २०२३ ला अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा मी ऑफिसात छाती काढून फिरत होतो, निफ्टी १७ हजारला आला तरी घेतलं नाही, कारण मला १४ हजार पाहिजे होते. वर्ष संपताना निफ्टी २१,७०० च्या वर.

चुकलं कुठे तर चारीत. अमेरिकेत बहुतेक होमलोन ३० वर्षं एकाच व्याजाने असतं. २०२०-२१ ला लाखो लोकांनी ३ टक्क्यांच्या आसपास कर्ज बदलून घेतलं होतं, त्यामुळे फेडने दर साडेपाचपर्यंत नेला तरी त्यांचा हप्ता एका डॉलरने हलला नाही. आपल्याकडे बहुतेक कर्ज फ्लोटिंग, रेपोला बांधलेलं, म्हणून लगेच चटका. मी माझ्या हप्त्यावरून त्यांची मंदी मोजत बसलो होतो! सरकारी खर्चही तिकडे भरपूर चालू होता, तो वेगळाच. आणि मंदी आलीय हे सांगणारी मंडळी तरी कुठे वेळेत सांगतात, २००७ च्या डिसेंबरात सुरू झालेली मंदी तिकडच्या अधिकृत समितीने जाहीर केली डिसेंबर २००८ ला, लेहमन ही तिकडची बडी बँक बुडून अडीच महिने होऊन गेल्यावर.

म्हणून आता कुठलाही देश घेतला की मी आधी बघतो कर्ज कुणी घेतलंय, फिक्स का फ्लोटिंग, आणि कुठल्या चलनात. त्यानंतर शेअर कमाईच्या किती पटीला मिळतायत ते. जपानचा निक्केई इंडेक्स १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता, तेव्हा तिथले शेअर कमाईच्या ६० पटीच्या आसपास, आणि तो आकडा परत ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडली. चौतीस वर्षं, माणूस नोकरीला लागून रिटायर होतो. आणि परत वर आला तेव्हाही येन पडलेला, डॉलरला १५० च्या आसपास, म्हणजे त्याआधीच्या दोन-तीन वर्षांत पैसे घातलेल्या, रुपयात मोजणाऱ्याच्या हातात इंडेक्सएवढं आलंच नाही. परदेशी गुंतवणुकीत इंडेक्स आणि चलन असे दोन सौदे एकदम होतात, हे नवीन लोक विसरतात.

वाचायचं काय? सेंट लुई फेडची फ्रेड नावाची डेटा साइट फुकट आहे, तिथे रोज एक चार्ट स्वतः काढा, आयएमएफचा एप्रिल-ऑक्टोबरचा रिपोर्ट चाळा, आरबीआयचं पतधोरण पूर्ण वाचा, बातमी नको. अमेरिकेचे महागाईचे आकडे उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी ६ ला येतात, फेडचा निर्णय रात्री साडेअकराला. आकडा यायच्या आधी वहीत लिहा की काय येईल आणि मार्केट काय करेल. मार्केट काय करेल हे माझं उत्तर निम्म्याहून जास्त वेळा कधी बरोबर आलं नाही, अगदी आकडा बरोबर आला तरी.

पैशाचं म्हणाल तर मी आता ठरावीक वाटे ठेवतो, भारतीय इक्विटी, परदेशी, डेट, थोडं सोनं, आणि वर्षातून एकदा ते परत ठरलेल्या प्रमाणात आणतो, बास. परदेशी वाट्याला एक कटकट आहे. आपल्या सगळ्या म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात गुंतवायला ७ अब्ज डॉलरची मर्यादा आहे, ती भरत आली म्हणून फेब्रुवारी २०२२ पासून बऱ्याच फंडांनी नवीन पैसे घेणं थांबवलं, म्हणजे नंतर अमेरिकेचा नॅस्डॅक इंडेक्स स्वस्त झाला तेव्हा दारालाच कुलूप. थेट पाठवायचे तर वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर चालतात, पण थेट अमेरिकन शेअर घेतले तर इन्कम टॅक्स रिटर्न भरताना शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरावं लागतं आणि त्यात आकडे जानेवारी ते डिसेंबरचे लागतात, आर्थिक वर्षाचे नाहीत. मी पहिल्या वर्षी मार्चअखेरचे टाकले होते, सीएने फोन करून सगळं परत भरायला लावलं.