छपरावरचं पाणी जातं कुठं? पावसाळी कॅम्पिंगमधल्या या चुका टाळा

तंबू विकत घेताना सगळे एकच विचारतात: वॉटरप्रूफ आहे ना? असतो. बऱ्यापैकी तंबूच्या फ्लायवर, म्हणजे बाहेरच्या आवरणावर, 2000 किंवा 3000 मिमी असा आकडा लिहिलेला असतो. तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ ते कापड पेलतं आणि सह्याद्रीच्या पावसाला तो आकडा पुरतो. तरीही सकाळी निम्म्या लोकांच्या स्लीपिंग बॅगा पिळायला येतात. कापडाने अडवलेलं पाणी पुढे कुठं जाणार, हे तंबू लावताना कुणी बघितलेलंच नसतं.

ते पाणी किती असतं, याचा हिशोब करून बघा. एक चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. आपलं महसूल खातं दिवसाला 65 मिमीच्या वर पाऊस गेला की अतिवृष्टी धरतं. दोन-तीन माणसांच्या तंबूची फ्लाय साधारण 5 चौरस मीटर जागा झाकते, म्हणजे अशा दिवशी तिच्यावरून सव्वातीनशे लिटर पाणी ओघळतं. स्वयंपाकासाठी 3 बाय 4 मीटरची ताडपत्री बांधली असेल तर तिचे 780 लिटर, जवळपास चार पिंपं. हे सगळं तुमच्या बिछान्यापासून हातभर अंतरावर पडणार आहे.

सपाट जागेचा मोह

गावाजवळ मुक्काम असला की हमखास होणारी चूक म्हणजे भाताच्या खाचरात तंबू ठोकणं. जागा छान, सपाट, मऊ, दगड नाही. पण ती सपाट केलीय ती पाणी साठावं म्हणूनच, आणि चारी बाजूंनी बांधही त्यासाठीच घातलाय! कोरड्या दिवसात ठीक. पहिल्या सरीनंतर मात्र खाचर आपलं काम चोख करतं. तीच गत गडावरच्या जुन्या वाड्यांच्या चौथऱ्यांमधल्या खळग्यांची आणि वर्षानुवर्षं तंबू लागून दबलेल्या, गवत उडालेल्या जागांची. तिथली माती इतकी घट्ट झालेली असते की पाणी मुरतच नाही.

जागा निवडताना जमिनीकडे बघा. बारीक गाळाची सुकून भेगाळलेली साय, एका रेषेत अडकलेला पालापाचोळा, एकाच दिशेला आडवं झालेलं गवत यातलं काही दिसलं तर तिथून पाणी गेलेलं आहे आणि परत जाणार आहे. शंका असेल तर बाटलीभर पाणी ओता आणि ते कुठं पळतं ते बघा. थोडा उतार चांगलाच. डोकं वरच्या बाजूला ठेवून झोपायचं. धरणांच्या काठावर तंबूंच्या रांगा उतारावर एकाखाली एक लावतात, तिथं वरच्या रांगेचं सगळं पाणी खालच्यांच्या दारात येतं. बुकिंग करताना तंबू लाकडी फळ्यांवर किंवा जोत्यावर आहेत का, एवढं विचाराच.

बाहेर डोकावणारी ग्राउंडशीट

माझ्या मते ओल्या रात्रींचं सगळ्यात मोठं कारण हेच. तंबूखाली प्लास्टिकचा कागद घालायचा, तो मोठा निघाला तर ‘असू दे, चपला ठेवायला होईल’ म्हणून चार बोटं बाहेर सोडायचा. आता फ्लायच्या पागोळ्या थेट त्या कडेवर पडतात. कागदातून पाणी खाली जाऊ शकत नाही, म्हणून ते आत सरकतं आणि कागद व तंबूचा तळ यांच्यामध्ये साठून राहतं. वरून तुमचं वजन. गुडघा किंवा कोपर टेकला की त्या एका ठिकाणी दाब एवढा वाढतो की एरवी न गळणारा तळही पाझरतो. लोक म्हणतात, तंबू फाटलाय. तंबू धडधाकट असतो.

कागद तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं लहान हवा. मोठा असेल तर जास्तीची कड खालच्या बाजूला दुमडा. वर दुमडली तर तिचीच पन्हळ होते. जोराच्या पावसात तर मी कागद खाली घालतच नाही, तंबूच्या आत अंथरतो आणि कडा वीतभर वर घेतो.

ढिली फ्लाय

नायलॉन भिजलं की सैल पडतं. संध्याकाळी तबल्यासारखी ताणलेली फ्लाय रात्री दहाला लोंबते, आतल्या कापडाला चिकटते आणि तिथून पाणी आत येतं. झोपण्यापूर्वी एकदा बाहेर पडून ताणदोऱ्या ओढून घ्याव्याच लागतात. कातळावर खुंटी जात नाही, तिथं दोरी मोठ्या दगडाला बांधा आणि त्याच्यावर दुसरा दगड ठेवा.

दार वाऱ्याकडे नको. पावसाळी वारा ढोबळमानाने नैर्ऋत्य-पश्चिमेचा, म्हणून दार पूर्वेकडे. कड्याच्या काठावर मात्र हा नियम चालत नाही. नाणेघाटात धबधबा उलटा उडतो तो उगाच नाही. तिथं पाऊस दरीतून वर येतो आणि फ्लायच्या खालून आत शिरतो. कड्यापासून लांब, मागे सरका.

ताडपत्रीचं पोट

ताडपत्री चारी कोपऱ्यांनी सारख्या उंचीवर बांधली की मध्ये पाणी साठतं. पाण्याने कापड ताणलं जातं, खोलगट भाग वाढतो, म्हणून आणखी साठतं, आणि मग मध्यरात्री दोरी तुटते नाहीतर काठी मोडते. मग कुणीतरी खालून काठीने ढोसून पाणी उडवतो, ते नेमकं स्टोव्हवर जातं. मधून आडवी दोरी घ्या, दोन्हीकडे भरपूर उतार द्या आणि एक कोपरा मुद्दाम खाली ओढा, म्हणजे सगळं पाणी त्या एकाच टोकाने पडेल. खाली पातेलं ठेवलं तर भांडी घासायचं पाणीही मिळतं. फक्त ते टोक तंबूच्या उताराकडच्या बाजूला हवं.

आणखी एक बारीक गोष्ट: दोरीवरून पाणी चालत येतं. झाडाच्या खोडावरून ओघळणारं पाणी दोरी धरून थेट ताडपत्रीच्या आत पोचतं. गाठीच्या वीतभर अलीकडे सुती नाडीचा तुकडा बांधून खाली लोंबता सोडा. पाणी नाडीवरून खाली गळून जातं.

चर खणू नका

स्काउट-एनसीसीच्या जुन्या तंबूंना तळ नसायचा, म्हणून भोवती चर खणत. आता तळ शिवलेला असतो. सह्याद्रीत कातळावर माती जेमतेम वीतभर. चर खणला की पुढच्या पावसात त्याचा ओघळ होतो आणि माती जाते. बरेच किल्ले संरक्षित स्मारकं आहेत, तिथं कुदळ चालवणं गुन्हा आहे. स्वतःच्या शेतात कायमचा निवारा असेल तर गोष्ट वेगळी. तिथंही चर फक्त चढाच्या बाजूला, अर्धगोल, आणि दोन्ही टोकं निवाऱ्याच्या पुढे उतारावर सोडलेली. चारी बाजूंनी बंद चर म्हणजे खंदक.

रात्री दोनला ओलं लागलं तर

पुसायला घेण्याआधी टॉर्च लावून बघा. फ्लायच्या आतून सगळीकडे सारखे बारीक थेंब असतील तर ती गळती नव्हे, तुमच्याच श्वासाची वाफ आहे; झरोके उघडा. शिवणीच्या रेषेत थेंब असतील तर शिवण गळतेय. आतून त्या जागी एक दोरा चिकटवून कोपऱ्यातल्या मगात सोडा, सीलंट घरी लावा. एकच कोपरा ओला असेल तर बाहेर जाऊन ग्राउंडशीटची कड आणि ताणदोरी तपासा. तळ हाताखाली डुबडुब हलत असेल तर खाली तळं झालंय. तळाला भोक पाडून पाणी काढायच्या भानगडीत पडू नका. खुंट्या काढून दोघांनी घुमटाकार तंबू उचलायचा आणि दोन पावलं वर नेऊन ठेवायचा. पाच मिनिटांचं काम आहे.

शेजारच्या ओढ्याचा आवाज बदलला किंवा पाणी अचानक गढूळ झालं, तर तंबू तिथंच सोडून आधी माणसं उंचावर न्या.

परतताना ओली फ्लाय वेगळ्या पिशवीत भरा आणि घरी पोचल्या दिवशीच दोरीवर वाळत घाला. आठवडाभर ओली गुंडाळून ठेवलेल्या फ्लायला आधी बुरशी लागते. हे दर पावसाळ्यात होत राहिलं तर आतला लेप चिकट होऊन सुटायला लागतो, आणि मग मात्र ती खरंच गळते.