शिक्षणावर कोणता देश किती खर्च करतो? तुलना करताना या चुका टाळा

स्पर्धा परीक्षेच्या निबंधांचा गठ्ठा तपासायला घेतला की शिक्षणखर्चाचा परिच्छेद हमखास भेटतो. वरच्या वहीत भारत जीडीपीच्या २.९ टक्के खर्च करतो, तिच्याच खालच्या वहीत ४.४३ टक्के. गंमत म्हणजे दोघांचंही पाठांतर चोख असतं. २.९ हा आकडा २०२२-२३च्या आर्थिक पाहणीतला, ४.४३ नव्या शैक्षणिक धोरणातला. घोळ सुरू होतो तो पुढच्या ओळीत, जेव्हा यातला एक आकडा उचलून थेट नॉर्वे किंवा जपानच्या शेजारी मांडला जातो.

मंत्रालय म्हणजे देश नव्हे

सगळ्यात जास्त आढळणारी चूक ही. फेब्रुवारीत केंद्राचा अर्थसंकल्प येतो, शिक्षण मंत्रालयाची तरतूद बातमीत झळकते आणि लोक तिलाच जीडीपीने भागून मोकळे होतात. उत्तर अर्ध्या टक्क्याच्याही खाली येतं आणि मग हळहळ. पण आपल्याकडे शिक्षणाचा मोठा भार राज्यं उचलतात. अमेरिकेतही शालेय शिक्षणाचा बहुतेक पैसा राज्यं आणि स्थानिक कर देतात, वॉशिंग्टनचा वाटा साधारण दहावा हिस्सा. जर्मनीतही शाळा हा प्रांतांचा विषय. एका देशाचं फक्त केंद्र आणि दुसऱ्याची सगळी सरकारं मिळून, अशी तुलना कशी चालेल?

राज्य पातळीवर तर आणखी गुंता. महाराष्ट्राचा शिक्षणखर्च काढायला बसलात आणि फक्त शालेय शिक्षण विभागाचं पान उघडलंत, तर आश्रमशाळा सुटल्या, त्या आदिवासी विकास विभागाकडे. वैद्यकीय महाविद्यालयांचा विभाग वेगळा, कृषी विद्यापीठं कृषी विभागाकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे. मुंबई महापालिकेच्या शाळा पालिकेच्या अर्थसंकल्पात. हे सगळं गोळा करायचं की नाही, आणि अंगणवाडीला शिक्षण म्हणायचं की पोषण, हे आधी ठरवावं लागतं.

२.९ आणि ४.४३ मधली दरी बरीचशी इथेच आहे. दोन्हींत केंद्र आणि राज्यं धरलेली आहेत. पण आर्थिक पाहणीचा आकडा ‘शिक्षण, क्रीडा, कला व संस्कृती’ या शीर्षाखालचा, तर शिक्षण मंत्रालयाच्या हिशेबात इतर खात्यांनी शिक्षण-प्रशिक्षणावर केलेला खर्चही येतो. म्हणून दोन देशांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच तक्त्यातून घ्या. युनेस्कोचा तर दोन्हीकडे युनेस्कोचा. आर्थिक पाहणीतला भारत आणि ओईसीडीतला (म्हणजे प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या संघटनेच्या तक्त्यातला) फिनलंड ही जोडी जमवू नका.

भागिले काय, तेही बघा

अंश नीट जमला तरी छेद फसवतो. आयर्लंडचं उदाहरण मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. २०१५ साली त्या देशाचा जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी फुगला. कारखाने वाढले नव्हते. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा कागदोपत्री तिथे हलवली होती. सरकारने शाळांचा एक युरोही कापला नसता, तरी जीडीपीतला शिक्षणाचा वाटा घसरलेलाच दिसला असता. शेवटी तिथल्या सांख्यिकी कार्यालयाला हा फुगवटा वगळून राष्ट्रीय उत्पन्न मोजायचं वेगळं माप काढावं लागलं.

उलट टोकाला किरिबाटी, मार्शल बेटं यांसारखे चिमुकले देश. क्रमवारीत ते वरच असतात. अर्थव्यवस्था लहानशी, शाळा मात्र बेटागणिक लागणारच, आणि सरकारच्या हातून खर्च होणारी परदेशी मदतही युनेस्कोच्या व्याख्येत धरली जाते.

मग मुलांची संख्या. जपानमध्ये पंधरा वर्षांखालची लोकसंख्या ११-१२ टक्क्यांच्या आसपास, नायजरमध्ये जवळजवळ निम्मी. जपानचा जीडीपीतला वाटा कमी दिसतो म्हणून जपान शिक्षणाबाबत चिक्कू आहे असा निष्कर्ष काढणाऱ्याने एकदा दर विद्यार्थी खर्चाचा रकाना पाहावा. वर्गात मुलंच कमी आहेत, बाबा.

डॉलरचा सापळा

दर विद्यार्थी खर्च काढला की रुपयांचे डॉलर करावे लागतात आणि इथे बरेच जण घसरतात. २०१७ साली बाजारात एक डॉलर सुमारे ६५ रुपयांना होता. क्रयशक्तीच्या हिशेबाने, म्हणजे डॉलरभर वस्तू-सेवा इथे कितीला मिळतात हे पाहिलं तर, मात्र तो २०.६५ रुपयांचा ठरला. समजा एका मुलावर वर्षाला ६०,००० रुपये खर्च झाले. बाजारभावाने ते सुमारे ९२० डॉलर, क्रयशक्तीने सुमारे २,९०० डॉलर. तिपटीहून जास्त फरक! शिक्षणखर्चाचा मोठा भाग पगारात जातो आणि मास्तरांचा पगार इथल्या बाजारात खर्च होतो, म्हणून क्रयशक्तीचा दर घेणं बरं. निदान कोणता दर घेतला ते तक्त्याखाली लिहा.

सहा टक्के कुठून आले?

शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा, हे आपलं जुनं लक्ष्य. ते आलं शिक्षणासाठी नेमलेल्या कोठारी आयोगाच्या १९६६च्या अहवालातून. तेव्हापासून धोरणं बदलली, सहा टक्के कायम राहिले. चीनने १९९३ साली ४ टक्क्यांचं लक्ष्य ठेवलं आणि ते गाठायला २०१२ उजाडलं. त्यामुळे ‘चीन लक्ष्य गाठतो, आपण नाही’ असं लिहिण्याआधी लक्ष्यं वेगळी होती हे सांगा. हे आपली बाजू सावरायला म्हणत नाही. सहा टक्के हुकले ते हुकलेच.

तरतूद आणि खर्च

२०२५-२६साठी शिक्षण मंत्रालयाला १,२८,६५० कोटी रुपये मिळाले. वाढ किती? आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीशी, म्हणजे १,२०,६२८ कोटींशी ताडून पाहिलं तर साडेसहा टक्क्यांच्या थोडी वर. पण वर्ष सरत आल्यावर मांडलेल्या सुधारित अंदाजात तीच तरतूद १,१४,०५४ कोटींवर आली होती. तिच्याशी ताडलं तर जवळजवळ १३ टक्के. दोन्ही मथळे खरे. परदेशाच्या तक्त्यात बहुधा प्रत्यक्ष झालेला खर्च असतो, तोही दोन-तीन वर्षांपूर्वीचा. त्याच्यासमोर आपली ताजी तरतूद ठेवू नका. आपल्या अर्थसंकल्पाच्या कागदांत ‘प्रत्यक्ष’ असा वेगळा रकाना असतो, बहुतेकदा डावीकडचा पहिलाच.