आणीबाणीत नैसर्गिक निवारा कसा शोधावा

रानात वाट चुकल्यास सूर्यास्ताच्या किमान 2 तास आधी चालणे थांबवून निवारा शोधावा. कोरड्या ओढ्याचे पात्र कितीही सुरक्षित वाटले तरी टाळावे, कारण दूरवर पडलेल्या पावसाचे पाणी तेथे अचानक येऊ शकते. काठावरच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा ही पुराच्या पातळीची खूण असते. वाऱ्याच्या आडोशाची कपार चांगली, मात्र विजा कडाडत असताना उथळ कपारीत किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते जमिनीकडे: डोक्यावर छप्पर असूनही माणूस गारठतो, कारण थंड जमीन अंगातील ऊब ओढून घेते. म्हणून वाळलेला पाला काठीने ढवळून, विंचू-साप नसल्याची खात्री करून, अंगाखाली दबल्यावरही वीतभर उरेल इतका जाड अंथरावा.