ऊसतोडीला जायच्या आधी होडी कशी ठेवावी

आमची होडी नाथसागरावरची, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या पाण्यावरची. १८ फुटी, फायबरची. आत लाकडी फळ्या आणि पुढच्या टोकाला झाकणाचा कप्पा. दिवाळी झाली की मालक आणि मी ऊसतोडीला निघतो, ते नाथषष्ठीच्या सुमाराला परत येतो. तेवढे चार-साडेचार महिने होडी काठावर पडून असते आणि घरी मामा, म्हणजे माझे सासरे, एकटेच असतात.

पहिल्या वर्षी आम्ही होडीवर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी आवळून बांधली. आता आत थेंब जायचा नाही, म्हणून निर्धास्त गेलो. फाल्गुनात दोरी सोडली तर कुबट वास अंगावर आला. लाइफ जॅकेटवर काळे ठिपके, सुती दोरीवर पांढरी साय, आणि मधली जुनी फळी एवढी मऊ झालेली की खिळा नुसत्या अंगठ्यानं आत गेला. त्या हिवाळ्यात पाऊस पडलाच नव्हता. मग ही ओल आली कुठून?

पुढच्या कार्तिकात मामांनी मला पहाटे काठावर नेलं आणि ताडपत्रीचा कोपरा उचलून दाखवला. आतली बाजू ओलीचिंब होती. आमच्याकडं थंडीत दुपारी ऊन चटका देतं आणि पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. दिवसा होडीतली ओल वाफ होऊन वर चढते, रात्री ताडपत्री गार पडली की तिथंच थेंब धरते आणि ते थेंब परत फळ्यांवर पडतात. रोज हेच. बांधून ठेवलेली होडी स्वतःच्याच घामात भिजत राहते. म्हणून पाणी अडवण्याइतकीच वारा खेळता ठेवण्याची काळजी घ्या. मी तर वाऱ्याची जास्त घेते.

आधी जागा. धरणाचं पाणी हटलं की उघडी पडलेली जमीन कितीतरी दिवस ओली राहते, म्हणून तर लोक तिथं गाळपेर करतात. तिथं होडी ठेवू नका, वर चढवा. काळ्या मातीवरही नको. ती वरून भेगाळलेली दिसते, पण खाली ओल धरून असते. आम्ही मुरमाच्या उंचवट्यावर तीन आडवी लाकडं टाकून त्यावर होडी ठेवतो. खालून हात सहज फिरला पाहिजे.

मग होडी पूर्ण रिकामी करायची. फळ्या उचला, तळाचं बूच काढा. बुरशी फळीवर जगते तशी माशाच्या चिकटीवर, खवल्यांवर आणि शेवाळावरही जगते. धुण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून ब्रशनं घासायचं. कप्प्याचे कोपरे आणि फळ्यांची खालची बाजू विसरायची नाही, सगळी घाण तिथंच बसते. नंतर दोनदा साध्या पाण्यानं धुवा. आधीच बुरशी धरली असेल तर ती कोरडी झाडू नका, धूळ उडून छातीत जाते. मामांना दमा आहे, म्हणून मी नाकाला फडकं बांधून ओल्या कापडानंच पुसते. ब्लीचिंग पावडर फायबरवर चालते, पण लाकडात ती खोल जात नाही. आणि तिच्यात व्हिनेगर किंवा ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

कोकणातल्या ओळखीच्यांचा सल्ला इथं जसाच्या तसा चालत नाही. खाऱ्या पाण्यातलं मीठ लाकूड कुजण्याला थोडं अडवतं, आपल्या गोड्या पाण्यात तो आधार नाही.

सगळ्यात जास्त वेळ सुकवायला द्या. आम्ही निघायच्या आधी चांगले पाच-सहा दिवस धरतो. ज्वारी पोत्यात भरताना दाणा दाताखाली कट्ट वाजतो का बघतो, तशी फळीचीही परीक्षा आहे. संध्याकाळी फळीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी कडांनी चिकटपट्टी लावून बसवा. दुसऱ्या दुपारी आतून दमट दिसला तर फळी अजून ओली आहे. आणखी दोन दिवस ऊन द्या. सुकलेल्या फळीला उकळलेलं जवसाचं तेल लावा. कच्चं नको, त्यावर बुरशी आणखी फोफावते. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, त्या आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

जाळी, दोऱ्या, लाइफ जॅकेट होडीत ठेवायची नाहीत. नायलॉन कुजत नाही, पण त्यावरची चिकटी कुजते. म्हणून धुऊन सावलीतच वाळवायची, कारण फार ऊन खाल्लं की नायलॉन कमजोर होतं. नंतर घरात आढ्याला टांगायची, जमिनीवर ढीग केला की उंदीर कुरतडतात. जॅकेट मी एकावर एक रचत नाही, दोन जॅकेटच्या मध्ये हात जाईल एवढी जागा सोडते. या जॅकेटवर माझ्या माणसाचा जीव असतो, म्हणून बंद आणि शिवण ओढून बघितल्याशिवाय मी ते टांगत नाही.

आता झाकण. सहा-सात माणसं मिळाली तर होडी पालथी करणं सगळ्यात चांगलं. नाही मिळाली, तर आम्ही करतो तसं करा: होडीच्या लांबीवर दोन टेकूंना आडवा बांबू बांधा आणि त्यावरून ताडपत्री तंबूसारखी सोडा. तिचा स्पर्श होडीला होऊ नये आणि दोन्ही टोकं उघडी राहावीत. थंडीत आमच्याकडं वारा बहुतेक ईशान्येकडून येतो, म्हणून एक टोक तिकडं करतो. उतार चांगला द्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट आठवते ना? अवकाळी पाणी ताडपत्रीच्या झोळीत साचलं की बांबूच मोडतो. कप्प्याचं झाकण काढून ठेवा. ते बसवून गेलात तर बाकीची मेहनत वाया.

मामा दर सोमवारी ऊन वर आल्यावर एक फेरी मारतात. बुचाच्या भोकात पालापाचोळा किंवा गांधीलमाशीचं घर नाही ना, ताडपत्री सुटली नाही ना, एवढंच बघतात. धुई पडलेल्या सकाळी मी मुद्दाम फोन करते, त्या दिवशी ते ताडपत्रीची एक बाजू दुपारपर्यंत वर गुंडाळून ठेवतात.

काढलेलं बूच मात्र घरात नेऊ नका. पुढच्या कडीला लाल चिंधीनं बांधून ठेवा, म्हणजे फाल्गुनात होडी पाण्यात ढकलायच्या आधी ते हाताला लागेल.