जहाज कोचीला एकच दिवस थांबतंय? मग दिवस असा लावा

आमच्या बेळगावकडं आता क्रूझला जायचं प्रमाण बरंच वाढलंय, निपाणी-खानापूरची मंडळीसुद्धा रात्रीच्या बसनं मुंबई गाठतात आणि तिथनं जहाजात बसतात, नाहीतर पूर्वी समुद्र बघायचा म्हणजे चोर्ला घाट उतरून गोवा, एवढंच असायचं. गेल्या मार्चमध्ये मी, आई, मामा आणि मामी असे चौघं गेलो, जहाज कोचीला सकाळी लागलं आणि संध्याकाळी सुटलं. परत आल्यापासून गल्लीतले चार जण विचारून गेले की तिथं उतरून नेमकं करायचं काय, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय.

सगळ्यात आधी, म्हणजे बुकिंग करतानाच, जहाज कोचीला कुठल्या वारी पोचतंय ते बघा. कोचीच्या मट्टनचेरी भागातला राजवाडा शुक्रवारी बंद असतो, ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ म्हणजे सिनेगॉग शनिवारी बंद असतं आणि शुक्रवारी दुपारनंतरही, आणि रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असते. तारखा निवडायला मिळत असतील तर सोमवार ते गुरुवार बघा, सगळं उघडं सापडतं.

दुसरं, दिवस उलटा मोजायचा. जहाजावर आदल्या रात्री खोलीत एक कागद येतो, त्यावर परत चढायची शेवटची वेळ छापलेली असते, ती जहाज सुटायच्या वेळेच्या आधीची असते आणि आपल्याला पाळायची तीच. समजा साडेचार लिहिलंय, तर बंदराच्या गेटवर साडेतीनला असायचं, म्हणजे फोर्ट कोची ह्या जुन्या भागातनं पावणेतीनला रिक्षात बसायचं, म्हणजे जेवण दीडच्या आत उरकायचं. असं मागं मागं येत गेलात की हातात खरे चार-पाच तासच उरतात हे आधीच कळतं आणि मग हावरेपणा होत नाही. जहाजाची स्वतःची टूर घेतली असेल तर तिला उशीर झाला तरी जहाज शक्यतो थांबतं, स्वतःच्या स्वतः फिरणाऱ्यासाठी थांबत नाही. त्याच कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा.

फोनचं पण बघा. भर समुद्रात फोन जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर आपल्या रोजच्या पॅकमध्ये बसत नाहीत, त्यामुळं मुंबई सुटली की फ्लाइट मोड लावायचा तो कोचीच्या धक्क्याला लागल्यावरच काढायचा. उतरताना जहाजाचं कार्ड आणि ओरिजिनल आधार दोन्ही जवळ पाहिजेत, परत आत येताना गेटवर तपासतात. आणि सुती कपडे घाला हो, बेळगावची थंड हवा डोक्यात ठेवून जाऊ नका, सकाळी नऊलाच अंगाला घाम चिकटायला लागतो.

जहाज लागतं ते विलिंग्डन बेटावर. बंदर खोल करताना समुद्रातनं काढलेल्या गाळाची भर टाकून इंग्रजांच्या काळात केलेलं हे बेट, त्यामुळं बघायचं असं तिथं फारसं काही नाही, सरळ बाहेर पडायचं. बाहेर आल्याबरोबर लोक अलप्पुळाच्या हाऊसबोटीचं विचारायला लागतात. जाऊ नका. एका बाजूला पन्नास किलोमीटरच्या वर आहे, जवळपास बेळगाव-गोकाक एवढं, आणि ट्रॅफिक वेगळं, सगळा दिवस गाडीत जाईल. एर्नाकुलमचे मॉल आणि मरीन ड्राइव्ह पण सोडून द्या. मट्टनचेरी आणि फोर्ट कोची, दोन्ही एकमेकांना लागून आहेत, एवढंच करायचं.

अर्ध्या दिवसासाठी एकच रिक्षा ठरवून घ्या, टप्प्याटप्प्याला नवी शोधण्यात वेळ जातो. इथं आपल्याला कन्नड येतं त्याचा फायदा होतो बघा. मलयाळम ऐकून कळत नाही पण आकडे जवळचे आहेत, ओंदु-एरडु-मूरु चं तिकडं ओन्नु-रंडु-मून्नु होतं, आणि नूरु म्हणजे शंभर, दोन्हीकडं तेच. मामांनी रिक्षावाल्याशी निम्मं हिंदी निम्मं आकड्यात बोलून भाव ठरवला, त्याला पण मजा वाटली आणि त्यानंच मग दिवसभर नीट फिरवलं.

पहिल्यांदा मट्टनचेरी करायचं, कारण सिनेगॉग दुपारी जेवणाच्या वेळेत बंद होतं. रिक्षा ज्यू टाऊनच्या तोंडाशी सोडते. गल्लीत शिरल्या शिरल्या मिरी, वेलदोडा, सुंठेचा वास येतो, आपल्या रविवार पेठेत मसाल्याची पोती उघडल्यावर येतो तसाच, फक्त ह्याच्यात समुद्राचा ओलावा मिसळलेला. गल्लीच्या टोकाला १५६८ सालचं परदेशी सिनेगॉग आहे. चपला बाहेर काढायच्या, आणि त्यामुळंच पायाखाली लक्ष जातं. पांढऱ्यावर निळ्या रंगात हातानं चितारलेल्या फरशा, १८व्या शतकात चीनवरनं आणलेल्या, आणि एक फरशी दुसरीसारखी नाही म्हणतात. आईनं खाली बसून दोन फरशा शेजारी शेजारी बघितल्या, एकीत झाडाची फांदी डावीकडं वाकलेली, दुसरीत पानं जास्त. बाहेरच्या घड्याळाच्या टॉवरकडं पण वर बघा.

तिथनं राजवाडा चालत पाच मिनिटं. त्याला डच पॅलेस म्हणतात पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५ च्या सुमाराला, कोचीच्या राजाला भेट म्हणून, डचांनी नंतर दुरुस्ती केली. बाहेरनं साधा आहे, बघून कंटाळा करू नका. आत भिंतीवर सगळं रामायण रंगवलंय, माणूस चिकटून माणूस, रिकामी जागाच नाही, गेरूचा तांबडा आणि पिवळा रंग अजून टिकलाय. घाई न करता अर्धा तास द्या.

देवाला जायचं असेल तर दुपारच्या आत जा, केरळातली देवळं दुपारी बंद होतात ती संध्याकाळीच उघडतात. आम्ही जवळच चेरलाईच्या तिरुमल देवस्वमला गेलो, पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून तिकडं गेलेल्या गौड सारस्वतांचं व्यंकटेशाचं देऊळ. आत जाताना पुरुषांना शर्ट काढावा लागतो, धोतर किंवा मुंडू लागतं, त्यामुळं पिशवीत एक पांढरी लुंगी टाकून न्या. मामीचं माहेर कारवारचं. देवळाबाहेर दोन बायका बोलत होत्या त्यांची कोकणी तिच्या कानावर पडली आणि ती तिथंच थांबली, मग दहा मिनिटं तिघींच्या गप्पा. मला त्या सगळ्या दिवसातलं हे जास्त आठवतं.

जेवण साध्या हॉटेलात करा, केळीच्या पानावर मील्स मिळतात. भात आपल्या बेळगावी बासमतीसारखा मऊ नि वासाचा नसतो, जाड तांबूस मट्टा तांदूळ असतो, पहिला घास वेगळा लागतो पण सांबारासोबत चांगला जातो. खोबरेल तेलाची सवय नसेल तर पोट सांभाळून. मासे खाणाऱ्यांनी करिमीन घ्यावा.

जेवल्यावर फोर्ट कोची. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची जागा दाखवतात, तो १५२४ मध्ये कोचीतच वारला, तिथंच पुरला आणि १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आपण वास्को म्हणजे गोव्यातलं रेल्वेचं शेवटचं स्टेशन एवढंच म्हणत आलोय, तो माणूस इथं पडला होता हे त्या दगडापाशी उभं राहिल्यावर जाणवतं. वर छताला दोरीनं ओढायचे कापडी पंखे अजून टांगलेत.

चालत किनाऱ्यावर गेलात की चिनी जाळी, म्हणजे काठावर लाकडांवर उभी केलेली मासे धरायची मोठी जाळी. लांबून फोटोत दिसतात त्यापेक्षा जवळ उभं राहून एक फेरा पूर्ण बघा. मोठं लाकडी आडं पाण्याकडं झुकलेलं असतं, एक जण त्या लाकडावरनं चालत पुढं जातो आणि त्याच्या वजनानं जाळं खाली बुडतं. थोडा वेळ थांबतात. मग पाच-सहा जण मागचे दोर ओढतात, दोरांना नारळाएवढे नि त्याहून मोठे दगड ओळीनं बांधलेले, जाळं वर आलं की ते दगड एकेक करून खाली टेकतात, टक् टक् टक्. आमच्यासमोर वर आलेल्या जाळ्यात मूठभर मासे आणि एक खेकडा होता. ते तुम्हाला पण दोर ओढायला बोलावतात, जरूर ओढा, पण नंतर पैसे द्यायचे असतात हे धरून चाला आणि ते खुशीनं द्या, मासळी फार मिळत नाही त्यांना.

खरेदी म्हणजे केळीचे चिप्स आणि मिरी, दोन्ही सीलबंद पाकिटात घ्या, सुटं खाणं जहाजावर अडवू शकतात. आम्ही इथंच चुकलो, चिप्स घेण्यात वीस मिनिटं गेली आणि पुढं तोप्पुंपडीच्या पुलावर गाड्या अडकलेल्या, आई सारखी घड्याळ बघत होती, गेटवर पोचलो तेव्हा शेवटच्या वेळेला बाराच मिनिटं राहिली होती. म्हणून खरेदी सकाळी ज्यू टाऊनमध्येच उरकून टाका.

जहाज सुटायच्या वेळी खोलीत झोपू नका, वरच्या डेकवर जा आणि पुढं तोंड करून डाव्या हाताला उभे राहा. जहाज बाहेर समुद्रात जाताना फोर्ट कोचीच्या अगदी जवळनं जातं, दुपारी जिथं दोर ओढले ती जाळी एका ओळीत दिसतात. मामांनी आमचं जाळं ओळखलं आणि हात केला, खालनं पण कुणीतरी हात केला.