डी.फार्मचं बायोकेमिस्ट्री अवघड वाटतंय? साखरेपासून सुरुवात करा

डी.फार्म (डिप्लोमा इन फार्मसी) सेकंड इयरला बायोकेमिस्ट्री अँड क्लिनिकल पॅथॉलॉजी आलं की बहुतेक पोरं पहिल्याच आठवड्यात ग्लायकोलिसिसचा (पेशीत ग्लुकोज तुटून एनर्जी मिळण्याचा) चार्ट पाठ करायला बसतात, दहा स्टेप्स, दहा एन्झाइम, आणि युनिट टेस्टपर्यंत त्यातलं निम्मं उडून गेलेलं असतं. माझं म्हणणं आहे की उलट्या बाजूने या. आधी टेस्ट ट्यूब, मग पेशंटचा रिपोर्ट, चार्ट सगळ्यात शेवटी. उद्या मेडिकलवर उभे राहाल तेव्हा समोरचा माणूस हातात रिपोर्ट घेऊनच येणार आहे, चार्ट घेऊन नाही.

सुरुवात केळीपासून करा, आपल्या जळगाव जिल्ह्यात ती काय शोधायला लागत नाही. एक हिरवं कच्चं केळं आणि एक चांगलं पिकलेलं घ्या, दोघांच्या चकत्या कापा, वर डायल्यूट आयोडिनचे दोन-दोन थेंब टाका, घरी करत असाल तर बीटाडिन पाण्यात पातळ करून पण चालतं. कच्चं निळं-काळं पडेल, पिकलेल्यावर रंग फार कमी येईल, कारण पिकताना त्यातली अमायलेजसारखी एन्झाइम स्टार्च तोडतात आणि त्याचं सुक्रोज, ग्लुकोज, फ्रुक्टोज होतं. आता पिकलेल्याचा गर पाण्यात कालवून गाळा आणि लॅबमध्ये बेनेडिक्ट टेस्ट करा (निळं रिएजंट घालून उकळायचं), लाल साका बसेल. पॉलिसॅकराइड (स्टार्च), एन्झाइम आणि रिड्युसिंग शुगर (बेनेडिक्टला रंग देणारी साखर) हे तिन्ही एका केळ्यात झाले.

मग प्रॅक्टिकलचा अननोन, म्हणजे कोणती साखर आहे ते टेस्ट करून ओळखायचं सॅम्पल. क्रम चुकवू नका. पहिली मोलिश, कार्बोहायड्रेट आहे की नाही तेवढंच ती सांगते, अल्फा नॅफ्थॉल टाकून कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक ट्यूब तिरपी धरून कडेने हळू सोडायचं आणि हलवायचं नाही, दोन थर जिथे मिळतात तिथे जांभळी रिंग येते. मग आयोडिन, निळं आलं तर स्टार्च, गरम केल्यावर जातं आणि थंड झाल्यावर परत येतं. आयोडिनला काही नाही तर बेनेडिक्ट. बेनेडिक्ट पॉझिटिव्ह आलं तर बारफोड, इथे घड्याळ बघा, मोनोसॅकराइड (ग्लुकोज, फ्रुक्टोजसारखी एकेरी साखर) दोन-तीन मिनिटांत लाल देतं पण जास्त वेळ उकळत ठेवलं तर माल्टोज-लॅक्टोज पण तुटून देतात आणि अख्खं उत्तर चुकतं. सेलिवानॉफला चेरी लाल म्हणजे फ्रुक्टोज, पण सुक्रोजही देतं, कारण रिएजंटमधल्या ॲसिडने ते फुटतं. बेनेडिक्ट निगेटिव्ह आणि सेलिवानॉफ पॉझिटिव्ह असं जुळलं की सुक्रोज लिहा, आणि ते डायल्यूट एचसीएलमध्ये उकळून, न्यूट्रल करून परत बेनेडिक्ट करून दाखवा, एक्झामिनरला हे आवडतं.

तीच बेनेडिक्ट पुढे युरिनमध्ये भेटते. ५ मिली रिएजंट, ८ थेंब युरिन, २ मिनिटं उकळा. निळं राहिलं तर शुगर नाही, हिरवं साधारण ०.५ टक्के, पिवळं १, नारिंगी १.५, विटकरी २ च्या वर. रक्तातली साखर साधारण १८० मिग्रॅ/डीएलच्या वर गेल्याशिवाय किडनी ती युरिनमध्ये सोडत नाही, याला रीनल थ्रेशोल्ड म्हणतात, म्हणून युरिन निगेटिव्ह आलं म्हणजे डायबेटिस नाही असं कोणालाही सांगू नका. आणि बेनेडिक्ट फक्त ग्लुकोज ओळखत नाही, व्हिटॅमिन सीच्या गोळ्या भरपूर घेणाऱ्याचं पण खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं, स्ट्रिपवर ग्लुकोज ऑक्सिडेज असतं म्हणून ती नेमकी ग्लुकोजच धरते.

रक्ताचे आकडे मात्र पाठच करावे लागतील. उपाशीपोटी १०० मिग्रॅ/डीएलच्या आत नॉर्मल, १२६ आणि वर डायबेटिस, मधलं प्रीडायबेटिस. एचबीए१सी (हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते) ५.७ टक्क्यांच्या आत नॉर्मल, ६.५ आणि वर डायबेटिस.

आता ग्लायकोलिसिसकडे या, आणि लॅबमधल्या करड्या टोपणाच्या ट्यूबमधून या. साध्या ट्यूबमध्ये रक्त नुसतं ठेवलं तर त्यातल्या पेशी ग्लुकोज वापरत राहतात, रूम टेंपरेचरला तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात भुसावळला जे ऊन असतं त्यात अजून जास्त. म्हणून करड्या टोपणात सोडियम फ्लोराइड असतं, ते एनोलेज बंद करतं, एनोलेज म्हणजे तुमच्या चार्टमधली नववी स्टेप. ही एक गोष्ट समजली की त्या चार्टमधली नावं नुसती नावं राहत नाहीत.

एचबीए१सीचं आपल्या भागाशी अजून एक नातं आहे आणि ते प्रत्येक फार्मसीवाल्याला माहीत असायलाच पाहिजे असं मला वाटतं. नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या सातपुड्यात भिल्ल, पावरा समाजात सिकल सेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बऱ्यापैकी आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा चेनवर सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन आलं, बदल एवढाच. पण त्याने आरबीसी (लाल रक्तपेशी) लवकर तुटतात, १२० दिवस जगत नाहीत, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटा कमी येतो. असा पेशंट ‘माझी तीन महिन्यांची शुगर नॉर्मल आहे’ म्हणून गोळ्या बंद करायचं बोलला तर त्याला थांबवा आणि उपाशी व जेवणानंतरची शुगर घेऊन डॉक्टरकडे पाठवा.

अमिनो ॲसिडला घरचं उदाहरण कळण्याची भाकरी, ज्वारीत लायसिन कमी, उडदात ते आहे पण मेथिओनिन कमी, दोन्ही एकत्र दळले की एकमेकांची कमतरता भरून निघते.

काविळीचा प्रश्न हमखास येतो, त्यात युरिन बघा. रक्त तुटून झालेल्या काविळीत युरिनमध्ये बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) नसतं, युरोबिलिनोजेन (आतड्यात बिलिरुबिनपासून बनणारं) वाढलेलं असतं. पित्ताची नळी पूर्ण बंद झाली असेल तर बिलिरुबिन येतं, युरोबिलिनोजेन गायब, संडास पांढरट आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे रक्तातलं एन्झाइम वर. लिव्हरच बिघडलं असेल तर एसजीपीटी, एसजीओटी ही लिव्हरची एन्झाइम रक्तात वाढतात. टीबीच्या गोळ्या चालू असलेला माणूस घाबरून येतो की लघवी केशरी झाली, तो बहुतेक वेळा रिफाम्पिसिनचा रंग असतो, पण डोळे पिवळे आहेत का, मळमळ होते का, भूक मेली का हे विचाराच, यातलं एक जरी असेल तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, कारण त्याच कोर्समधल्या आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइडने लिव्हरला त्रास होऊ शकतो.