स्लॉट मशीन आतून कसकसं बदललं ते घरच्या घरी कसं बघायचं: 3 डबे, चिठ्ठ्या आणि शेंगदाणे

गेल्या दिवाळीत माझा मावसभाऊ मित्रांबरोबर गोव्याला जाऊन आला, तिथे स्लॉट मशीनवर खेळला (पैसे टाकून चित्रांची चक्रं फिरवायची, मधल्या लाइनवर सारखी चित्रं आली की बक्षीस) आणि घरात पाय ठेवल्या ठेवल्या सुरू, ताई, दोन घंटा लाइनवर लागल्या होत्या गं, तिसरी एवढीशी वर राहिली, आणि अंतर दाखवलं करंगळीच्या नखाएवढं. किती गेले विचारलं तर गप्प. मला त्याला बोलायचं नव्हतं, कारण त्याने जे बघितलं ते खरंच तसं दिसतं, फक्त खिडकीत दिसणारं चक्र आणि आतला हिशोब यांचा संबंध 40 वर्षांपूर्वीच तुटलाय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मग आम्ही स्वयंपाकघरात बसून जे केलं ते इथे लिहितेय, तासाभराचं काम आहे, घरातल्या कॉलेजच्या पोरांना तर नक्की बसवा.

सामान काय लागतं, तर आतलं दिसणार नाही असे 3 डबे (चहा-साखरेचे चालतात), कागद, कात्री, पेन आणि दोन-तीन वाट्या शेंगदाणे, ते म्हणजे पैसे.

आधी सगळ्यात जुनं मशीन बनवायचं. सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाचा मेकॅनिक होता, त्याने 1890 च्या दशकात लिबर्टी बेल काढलं, 3 चक्रं, प्रत्येकावर 10 जागा, आणि चित्रं म्हणजे घोड्याची नाल, चौकट, इस्पिक, बदाम आणि फुटकी घंटा. आपण इस्पिक सोडून देऊ म्हणजे हिशोब सोपा होतो. प्रत्येक डब्यात 10 चिठ्ठ्या टाका, 4 नाल, 3 चौकट, 2 बदाम, 1 घंटा. एक दाणा भरायचा, तिन्ही डब्यांतून एकेक चिठ्ठी काढायची, तिन्ही सारख्या आल्या तरच बक्षीस: नालेला 4 दाणे, चौकटला 10, बदामला 20, घंटेला 100. चिठ्ठ्या दर वेळी परत टाकून डबा हलवायचा, हे विसरू नका, याच्यावर पुढे येते.

आता खेळायच्या आधी कागदावर मांडा. एकूण जोड्या 10 गुणिले 10 गुणिले 10 म्हणजे 1000. त्यात तीन नाल 4×4×4 म्हणजे 64 वेळा, चौकट 27, बदाम 8, घंटा फक्त 1. बक्षिसाशी गुणून बेरीज केली की 256 अधिक 270 अधिक 160 अधिक 100, म्हणजे 786. हजार दाणे भरले की सरासरी 786 परत, 214 मालकाचे. भावाने 100 वेळा चिठ्ठ्या काढल्या, 8 वेळा लागलं, 44 दाणे परत आले, आणि तो म्हणाला अरे पण मी तर बराच वेळ जिंकत होतो! हे त्याच्याच तोंडून आलं ते बरं झालं.

या मशीनची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. चक्र उघडून बसलात तर चित्रं मोजता येतात आणि मालकाचा वाटा तुम्हाला स्वतःला काढता येतो. आतबाहेर एकच. पूर्ण प्रामाणिक धंदा होता असं मी म्हणत नाही, फेच्याही आधी 1891 मध्ये ब्रुकलिनच्या सिटमन आणि पिट यांनी पत्त्यांचं मशीन काढलं होतं, 5 ड्रम आणि 50 पत्ते, 52 नाही, कारण बहुतेक ठिकाणी इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम काढून ठेवायचे, त्याने रॉयल फ्लश (एकाच रंगाचे दश्शी ते एक्का, सगळ्यात मोठा डाव) लागायची शक्यता निम्मी व्हायची. पण तेही पत्ते मोजणाऱ्याला सापडलं असतं.

मधला काळ पटकन सांगते. अमेरिकेत जुगारावर बंदी आली तशी मशीनं पैशांऐवजी च्युइंगम द्यायला लागली, चक्रावरची चेरी, प्लम ही फळं त्या च्युइंगमच्या चवींवरून आली. चक्रावरच्या जागा 10 च्या 20 झाल्या, म्हणजे 20×20×20, 8000 जोड्या. 1963 मध्ये बॅली कंपनीने मनी हनी नावाचं मशीन काढलं, विजेवर चालणारं, माणसाची मदत न घेता 500 पर्यंत नाणी स्वतः ओतणारं. मालकांना आता मोठं बक्षीस लावायचं होतं, पण मोठ्या बक्षिसाला जोड्याही जास्त लागतात, त्यासाठी चक्र मोठं करावं लागतं, आणि मोठं चक्र बघून गिऱ्हाईक बिचकतं.

ही अडचण इंगे टेलनेस नावाच्या माणसाने सोडवली, 1984 चं अमेरिकन पेटंट. हे नीट करून बघा, खरी गोम इथेच आहे. 22 घरांची एक उभी पट्टी काढा, घंटा एकाच घरात, तिच्या लगेच वर आणि लगेच खाली रिकामं घर. ही पट्टी भिंतीवर लावा, हे दिसणारं चक्र. डब्यांत मात्र आता चित्रं नाहीत, प्रत्येकात 1 ते 64 आकड्यांच्या चिठ्ठ्या (कागदावर 8 बाय 8 चे चौकोन आखून कापले की बरोबर 64). मग तक्ता करा: 1 आकडा आला की घंटा, 2 ते 7 आले की घंटेच्या वरचं रिकामं घर, 8 ते 13 आले की खालचं, उरलेले आकडे बाकीच्या 19 घरांना वाटून द्या.

आता काढा चिठ्ठ्या आणि बोट पट्टीवर ठेवा. बघणाऱ्याला वाटतं घंटा 22 त 1, म्हणजे तीन घंटा 10,648 त एकदा. प्रत्यक्षात 64×64×64, 2,62,144 त एकदा, जवळजवळ 25 पट अवघड. आणि घंटा लाइनच्या एक घर वर किंवा खाली दिसणं? 64 त 12 वेळा, जवळपास दर पाचात एकदा. भाऊ पट्टीकडे बघत बसला, नंतर म्हणाला, म्हणजे ती एवढीशी वर राहिली नव्हती, तिला तिथेच ठेवलं होतं. हो रे बाबा. खऱ्या मशीनचे आकडे प्रत्येकाचे वेगळे असतात, माझा तक्ता नमुन्याचा आहे, पण पद्धत हीच. चिठ्ठी काढायचं काम आतली चिप करते, ती सतत आकडे फिरवत असते, तुम्ही बटण दाबलं त्या क्षणी निकाल ठरला, चक्र फिरतं ते दाखवण्यापुरतं.

स्क्रीनवाली मशीनं 1976 पासूनची, तिथे तर चक्रच नाही. त्यांत एकाच वेळी बऱ्याच लाइनवर पैसे लावता येतात, त्यासाठी एक छोटा प्रयोग: 20 दाणे 20 लाइनवर, म्हणजे एकेका लाइनवर एक दाणा, लावायला सांगा, एखादी लाइन लागली असं म्हणून 8 परत द्या आणि जोरात चमचा ताटावर वाजवा. 12 गेले, पण आवाज जिंकल्याचा. पाच मिनिटांत समोरचा माणूस खूश दिसतो आणि वाटी रिकामी होते.

गोव्यात जुगाराच्या कायद्यातल्या 1992 च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलात ही मशीनं चालू शकतात, त्यामुळे कोणी जाणार असेल तर निदान हा हिशोब मोबाइलमध्ये लिहून द्या: एका स्पिनचे (एकदा चक्र फिरवायचे) पैसे, गुणिले तासाला किती स्पिन, गुणिले मालकाचा वाटा. 10 रुपये, 600 स्पिन, 10 टक्के, तर तासाचे सरासरी 600 रुपये. मिनिटाला 10 वेळा बटण दाबणं सहज होतं, म्हणून 600 धरलेत.

आणि ती परत टाकायची चिठ्ठी. शेवटी भावाने विचारलं की नाही टाकली परत तर? मग केलं तसंही, पहिल्याच 10 चिठ्ठ्यांच्या खेळात, आणि साहजिकच प्रत्येक डब्यातली घंटा दहाच्या आत बाहेर आली. इतका वेळ लागली नाही म्हणजे आता येणारच, हा त्याचा हिशोब या डब्यात बरोबर होता. मग मी चिठ्ठ्या परत टाकल्या, झाकण लावून डबा हलवला आणि म्हटलं, मशीन दर स्पिनला हे करतं.